दाबून बसवलेली गाडी

बिसाहिन दीदीचं नाव आधी लिहिते, बाकीचं मागाहून. दुकानापासून किंवा मार्चातल्या उन्हापासून सुरुवात केली, तर लिहिता लिहिता ही माझीच गोष्ट होऊन जाईल आणि ती कुठेतरी बाजूला पडेल. तशी ती पडलीच आहे. म्हणून आधी ती. बिसाहिन दीदी, राहणार भनपुरी, ट्रक उभे राहतात त्या रस्त्याच्या मागची वस्ती. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून हिला जन्मल्या जन्मल्या शेजारणीला देऊन परत विकत घेतली होती; छत्तीसगडात तशी चाल आहे. "मोला सूपा भर कोदो म बिसाए रिहिन," असं ती हसून सांगायची. सूपभर कोद्रू देऊन विकत घेतलेली, म्हणून नाव बिसाहिन. मी रायपुरात आज जी काय आहे, आणि मुळात इथे आहे, ती तिच्या नखांमुळे.

परवापासून परीक्षा सुरू झाल्या. नवा रायपुरात, जुन्या शहराबाहेर वसवलेल्या ह्या नव्या शहरात, कुठलीही गोष्ट सुरू झाल्याचं उशिरानेच कळतं. इथे रस्ते इतके रुंद की पलीकडून चाललेलं माणूस कोण ते ओळखू येत नाही, आणि बस कधी येणार ते बसलाच ठाऊक. पण दुपारी शाळेच्या गाड्या चौकात थांबतात, पोरं पुठ्ठ्याचं पॅड छातीशी धरून उतरतात, एकमेकांना उत्तरं विचारतात, आणि माझे अंगठे आपोआप काहीतरी दाबायला लागतात. पेपर त्यांचा, अंगठे माझे. मी तर दहावीचा पेपर डोळ्यांनी पाहिलासुद्धा नाही. नववीनंतर माझी शाळा सुटली. सुटली म्हणजे सोडवली. जनावर एका खुंट्याचं सोडवतात ते दुसऱ्या खुंट्याला बांधायला, तशी.

गाव माझं पांढरकवड्याकडचं. तिथून रायपूर म्हणजे एक एसटी, एक रेल्वे आणि पूर्ण एक भाषा ओलांडून. मावशीचे यजमान रेल्वेत, त्यांचं क्वार्टर. मला तिथे कोणी बोलावलं नव्हतं, मी पाठवली गेले होते.

खेळण्यांच्या दुकानात परीक्षेपुरती कामाला लागले, त्या सीझनचा वास अजून जसाच्या तसा आहे. सदर बाजारात सोनारांच्या दुकानांतून येणारा तेजाबाचा उग्र वास, कापडाच्या नव्या ताग्यांची खळ, स्कूटरींचा धूर, आणि ह्या सगळ्याला कापत जाणारा, नुकत्या फाडलेल्या पुडीतून येणारा कोऱ्या प्लॅस्टिकचा वास. लोकांना परीक्षा म्हटलं की शाई आणि वह्या आठवत असतील. मला प्लॅस्टिक आठवतं.

खेळण्यांचं ते दुकान एका सोनाराच्या आणि एका साडीवाल्याच्या मध्ये चेपून बसलेलं. दुकानाच्या तोंडाशी एक टेबल आणि टेबलावर ब्लॉकच्या गाड्या. तळहातावर मावेल एवढा डबा, डब्यात पुडी, पुडीत एक अख्खी गाडी, पण सुटी: चपटी पाटी, चाकं, काचेच्या जागी लावायचा आरपार दिसणारा तुकडा, डोक्यावर बारीक बटणं असलेले लाल-पिवळे ठोकळे, आणि एक ड्रायव्हर. ड्रायव्हर बसल्याच्या घडणीतच तयार झालेला. त्याला उभं राहताच यायचं नाही. मला तो आवडायचा नाही.

रायपुरातल्या आयांनी परीक्षेचा एक रिवाज पाडला होता, एक पेपर एक गाडी. हिंदीचा झाला की जीप, विज्ञानाचा झाला की डंपर, आणि गणिताला फायर ब्रिगेड, कारण गणिताला रडणं जास्त. पेपर सुटला की पोरगं तसंच युनिफॉर्ममध्ये आमच्या टेबलासमोर. आमचं काम एवढंच, की त्याच्या डोळ्यांदेखत गाडी फटाफट उभी करायची, टेबलावरून एकदा पळवून दाखवायची. पोरगं हट्टाला पेटतं, आई बंद डबा घेते, ते गेले की आम्ही गाडी मोडायची आणि पुढच्या पोरासाठी पहिल्यापासून बांधायची. दिवसभर बांधणं आणि मोडणं. सीझन संपला की ह्याच नमुन्याच्या गाड्या पुन्हा पुडीत भरून विकायच्या, त्यामुळे एकही तुकडा हरवायचा नाही आणि मोडताना दात लावायचे नाहीत. दाताचा वळ प्लॅस्टिकवर राहतो.

डब्यात एक घडीचं पुस्तक असायचं. त्यात एक अक्षर नव्हतं. नुसती चित्रं, पहिल्या चित्रात पाटी, दुसऱ्यात पाटीवर चाकं, बाण, पुढचं चित्र. मी ते पहिल्यांदा उघडलं तेव्हा दुकानातल्या दुकानात माझे डोळे भरून आले. शाळा सुटल्यावर हातात आलेलं पहिलं पुस्तक, आणि ते मला शेवटपर्यंत समजलं. बिसाहिन दीदीने बघितलं आणि म्हणाली, "जीप देखके रोती है? ट्रक देखेगी तो क्या करेगी?"

आम्ही दोघी. ती टेबलाच्या रस्त्याकडच्या अंगाला, मी आतल्या. ती त्या दुकानात माझ्या आधीपासून होती, हात असे चालायचे की पोरं गाडीकडे न बघता तिच्या बोटांकडे बघत. आणि आया आमच्या दोघींकडे बघत. ते बघणं वेगळं. बहुतेक रोज कोणीतरी एक आई आपल्या पोराची हनुवटी धरून आमच्याकडे वळवायची. "देखो. नहीं पढ़ोगे न, तो दीदी लोग के जैसे यहाँ बैठके गाड़ी तोड़ोगे दिन भर।" पोरगं घाबरून बघायचं. मग आई प्रेमाने विचारायची, "कौन सी वाली चाहिए मेरे राजा को?" आणि मी तीच गाडी पुढे करायची, हसून. हसणं नोकरीत धरलेलं होतं. आई आणि तिचा राजा गेले की बिसाहिन दीदी म्हणायची, "बच्चा डराने का अलग से मिलना चाहिए अपने को।" मला हसू यायचं, पण त्या आईचं बोलणं संध्याकाळपर्यंत डोक्यातून जायचं नाही. ती तोवर पुढच्या गाडीला लागलेली असायची.

घरी वेगळी परीक्षा चालू होती. मला अठरा पूर्ण झाली होती आणि गावी भावाने माझ्यासाठी माणूस पाहिला होता. मावशी त्याला "पोरगा" म्हणायची. त्या पोरग्याच्या मिशीत पांढरे केस होते आणि त्याची पहिली बायको विहिरीत पडून मेली होती. पडली, एवढंच सगळे म्हणत.

"मावशी, ते कशी पडली व?" मी एकदा भाकरी थापता थापता विचारलं.

"पडली ते पडली. काहून इचारून राहिली? विहिरी काय त्याच्याच वावरात आहेत का? सगळ्याच गावात असतात." मग जरा वेळाने, आवाज उतरवून, "हे पाय, मी तुले हाकलून नाही राहिली. पण मावसाजीच्या डोळ्यात खुपते तू. तुले पक्कं काम लागलं, तर मी भावाले सांगीन, पोट्टी कमावून राहिली, राहू दे. नाही तं सीजन संपला का वापस जा. मले मधात नोको घेऊ."

तिची मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर हिंदीत. "दीदी, आप जाओगी तो आपका वाला कोना मेरा न? मैं वहाँ कूलर रखवाऊँगी।" चांगली मुलगी होती. खरंच गरम व्हायचं त्या घरात.

तर हे असं होतं. पक्कं काम, किंवा ती विहीर. आणि पक्कं काम त्या दुकानात एकीलाच मिळायचं, कारण परीक्षा संपल्या की टेबलाला एकच बाई पुरे. कोणाला ठेवायचं हे ठरवण्याची दुकानाच्या मालकांची, सेठजींची, आपली एक पद्धत होती. निकाल लागून गेले की एका दुपारी दोघींना सारखी पुडी द्यायची, समोरासमोर बसवायचं, आणि जिची गाडी आधी होईल ती राहणार. शेजारच्या दुकानांतली माणसं बघायला यायची, समोसे यायचे. "अरे, बच्चों का खेल है, मज़ा आता है," सेठजी म्हणायचे, आणि ते वाईट मनाने म्हणायचे नाहीत, हेच त्यातलं वाईट. हे मला बिसाहिन दीदीनेच सांगितलं, पहिल्या आठवड्यात, डबा खाता खाता. "पिछले साल वाली इतना रोई, इतना रोई, नाक मुँह सब एक हो गया।" तिने त्या मुलीच्या रडण्याची नक्कलही करून दाखवली. मग बोटं चाटून म्हणाली, "इस साल तेरी बारी।"

आणि हीच बाई रोज संध्याकाळी माझ्या गाड्या मोडून द्यायची.

ते असं. पहिल्याच दिवशी मी बांधलेल्या जीपचं चाक एका पोराच्या हातात निघून आलं. त्याची आई "घटिया माल" म्हणून निघून गेली, आणि बहूजींनी, म्हणजे सेठजींच्या सुनेने, गल्ल्यावरूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "गाँव में हाथ से गोबर ही थापा है क्या?" त्या दिवसापासून माझ्या बोटांत भीती शिरली. एकेक ठोकळा मी असा दाबून बसवायची की अंगठ्याच्या मांसात बटणांचे वळ उठायचे. गाडी व्हायची दगडासारखी. पण मग ती सुटायची नाही. चपटे तुकडे तर एकमेकांना असे चिकटायचे की नखं उलटायची. दात लावायची बंदी. बहूजी टेबलावरच्या सगळ्या गाड्या सुट्या झाल्याचं बघूनच सोडायच्या.

बिसाहिन दीदी तिचं आवरून उठलेली असायची, भनपुरीच्या ऑटोची वेळ झालेली असायची, घरी नवरा अंथरुणावर. हमालीत पाठ गेलेला माणूस. ती दोन पावलं जायची आणि परत यायची. "ला, दे." तिच्या अंगठ्याचं नख जाड, कडेला चिरलेलं. ते ती दोन तुकड्यांच्या फटीत घालायची, मान वाकडी करायची, आणि कट् असा आवाज यायचा. तो आवाज प्लॅस्टिकचा की नखाचा, हे मला कधी ओळखता आलं नाही. "अतेक काबर दबाथस ओ?" एवढं कशाला दाबतेस गं. "जो शाम को खोलना ही है, उसको टिकाना रहता है बस। ऐसे।" आणि ती दाखवायची. ठोकळा ठोकळ्यावर नुसता टेकवायची, पाखरू बसल्यासारखा. गाडी उभी दिसायची, पळायचीही गुळगुळीत टेबलावर, आणि मोडताना फुंकर पुरे. तिने मला किती वेळा शिकवलं. मी मान हलवायची, हव म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबायची. बोटं माझं ऐकत नव्हती, ती बहूजींचं ऐकत होती.

तिने मदत का केली, हा प्रश्न मी स्वतःला फार विचारला. उत्तर मोठं नाही. तिला ते मोडता यायचं, मला यायचं नाही, आणि ऑटो थोडा उशिराचा मिळाला तरी चालायचं. बस. मी त्याहून काही जास्त मानलं तर तो तिचा अपमान होईल, हे मला पुढे तिनेच बजावलं.

ती दुपार. एप्रिल उतरणीला, बाजारात ऊन असं उभं की गिऱ्हाईक सावलीच्या पट्टीतून चालतंय. टेबल पुसलेलं. सोनाराकडचे कारागीर येऊन उभे, साडीवाल्याचा म्हातारा मुनीम खुर्ची घेऊन आला. सेठजींचा नातू कोल्ड्रिंकची बाटली धरून गल्ल्यावर बसलेला. दोघींपुढे पिवळ्या जीपची पुडी. मी आदल्या दिवसापासून जेवले नव्हते. मावशीने गावी फोन करून ठेवला होता, "उद्या सांगीन."

"रेडी, स्टार्ट!" सेठजी ओरडले.

मला तिचे हात दिसत होते. बघायचं नव्हतं तरी दिसत होते. माझी चाकं लागत होती तेव्हा तिची काच लागली होती. मी ड्रायव्हर बसवला तेव्हा तिने टपावर शेवटचा तुकडा टेकवून हात मांडीवर घेतले. सगळे ओरडले. ती माझ्याकडे बघून हसली, आणि ते हसू दिलासा देणारं नव्हतं. जिंकल्याचं होतं. नक्कल करून दाखवताना असायचं तेच. मी दाबतच होते. आता दाबून काय उपयोग, पण हात थांबेनात. टपावरचा तुकडा अंगठ्याने दाबला आणि मनात विहिरीचा काठ दिसला.

तेवढ्यात नातू म्हणाला, "दादू, ऐसे नहीं! चलाके दिखाओ। नीचे से!"

असा नियम कधी नव्हता. पण सेठजींना नातवाचं फार कौतुक. "हाँ भई, चलेगी तभी तो गाड़ी है!" दुकानाच्या पायरीवरून रस्त्यापर्यंत एक फळी तिरपी लावली. आधी दीदीची जीप. नातवाने ती फळीच्या डोक्यावर ठेवून सोडून दिली.

ती छान निघाली. अर्ध्या फळीपर्यंत सगळे "चली चली" म्हणत होते. खाली फळी संपून फरशीचा एवढासा खड्डा होता, तिथे ती आपटली आणि उघडली. हाच शब्द. टप एकीकडे, काच एकीकडे, ड्रायव्हर बसल्या बसल्या रस्त्यावर उताणा, आणि एक चाक घरंगळत स्कूटरींच्या गर्दीत.

मग माझी. त्याच खड्ड्यात दणकन आपटली, कोलांटी खाऊन कुशीवर पडली. अख्खी.

टाळ्या झाल्या. सोनाराचा एक कारागीर म्हणाला, "दीदी, आपकी तो खुल गई!" आणि लोक हसले, बहूजीही हसल्या, नातू तर उड्या मारत होता. सेठजी म्हणाले, "चलो, फैसला हो गया। समोसा लो सब।" मला आनंद झाला. हे लिहायलाच हवं. इतका आनंद झाला, की दीदी कुठे आहे हे मी आधी बघितलंसुद्धा नाही.

बिसाहिन दीदी रस्त्यावर बसून तुकडे वेचत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण पुडी अपुरी राहिली तर नाव आपलं येतं, हे इतकं अंगात मुरलेलं की नोकरी गेली तरी हात चाललेच. सगळं मिळालं, चाक मिळेना. ती वाकून स्कूटरींच्या खाली बघत होती, हॉर्न वाजत होते, एकाने शिवी घातली. "छोड़ो न, रहने दो," सेठजी म्हणाले. तिने सोडलं नाही. नालीच्या कडेला चाक सापडलं. पदराने पुसलं, फुंकर मारली, पुडीत टाकलं.

मग टेबलापाशी आली. माझी जीप तिथे तशीच उभी. मोडून पुडीत भरायला हवी होती आणि मी ती दोन्ही हातांनी ओढत होते. टप हलेना.

"ला, दे."

मी दिली. तिने नख घातलं, मान वाकडी केली. कट्. ह्या वेळी आवाज नखाचा होता. पिवळ्या ठोकळ्यावर रक्ताचा ठिपका आला, तो तिने लगेच बोटाने पुसून काढला. "खून दिखेगा तो बिकेगी नहीं।" एकेक करून सगळी गाडी सोडवून माझ्यासमोर तिने तुकड्यांचा ढीग केला, समोसा कागदात गुंडाळून नवऱ्यासाठी घेतला, आणि गेली. मी तुकडे मोजून पुडीत भरायला लागले.

मावशीने गावी कळवलं. भाऊ चिडला, मग विसरला. पांढऱ्या मिशीच्या त्या माणसाचं त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या गावच्या मुलीशी लग्न झालं. कधीतरी पाणी ओतताना, भांडं बुडताना जो आवाज होतो तो ऐकला की मला त्या मुलीची आठवण येते. तिचं नाव मला माहीत नाही.

पगार घरी द्यायला लागल्यावर माझा कोपरा माझा राहिला. पहिल्या सुटीला मी पेढे घेऊन भनपुरीला गेले. पत्ता शोधायला अवघड नव्हता. जुनं प्लॅस्टिक दळतात त्या कारखान्याच्या आवारात ती बसलेली होती. समोर फुटक्या बादल्या, खुर्च्या, टमरेलं, खेळणी, ह्यांचा डोंगर, आणि ती रंगाप्रमाणे वेगळं करत होती. मागे यंत्र चालू, बोलायचं तर ओरडून.

"ये क्या है?"

"मिठाई, दीदी."

"काहे की? मैं हारी उसकी?"

मी रडायला लागले. म्हणाले, दीदी, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, तुम्ही ते काम मला दिलंत. मराठी-हिंदी काय काय मिसळून बोलले. ती ऐकून घेत होती, हात चालू. लाल इकडे, पिवळं तिकडे. मग म्हणाली, "सुन. मैंने कुछ नहीं दिया। मेरे को क्या शौक था यहाँ कचरा छाँटने का? जीतना था मेरे को। तू जीत गई। तैं जीते हस। बाहर बोलती मत फिरना कि दीदी ने दे दिया। लोग भोली समझेंगे मेरे को।" आणि पेढ्याचा डबा उघडून एक तोंडात टाकला. "बहुत मीठा है। देना है तो काम देना। मिठाई नइ।"

त्यानंतर मी जात राहिले, अजून जाते. मिठाई नेत नाही. नवरा आतून विचारतो, "कौन आए हे?" आणि ती तिथूनच ओरडते, "जीतने वाली!" तिला त्यात फार मजा येते. मीही हसते. माझ्या हसण्याला अजून सवय झालेली नाही.

आता सेठजींचं दुसरं दुकान नवा रायपुरात आहे आणि त्यातलं ब्लॉकचं काउंटर मी बघते. एसी आहे, काचा आहेत, पोरं गाडीतून उतरतात ती इंग्रजीत बोलतात. एक पेपर एक गाडी मात्र तशीच चालू आहे. परवा बहूजींचा फोन आला, परीक्षेपुरती अजून एक बाई ठेवू, नंतर बघू दोघींतली कोण ते, "वैसे ही, मज़ा भी रहेगा।" मी धीर करून बिसाहिन दीदीचं नाव घेतलं. तिकडून मग, "वो? अब उससे कहाँ होगा। और सोच लो, दो में से एक ही रखूँगी।" मी "जी" म्हणाले. एवढंच म्हणाले.

दीदी, तुला मराठी वाचता येत नाही आणि हे तुला कोणी वाचून दाखवणार नाही, म्हणून इथे लिहायला धजतेय. तू मला काही दिलं नाहीस, असं तू म्हणतेस. बरं. पण तुझ्याकडून माझ्याकडे जे आलं ते मला परत करायचंय. एक दिवस मी तुला ह्या दुकानात कामाला आणीन. ह्या सीझनला जमलं नाही तर पुढच्या, तेव्हा नाही तर त्याच्या पुढच्या. तेव्हा मी "जी" म्हणणार नाही, अडून बसेन. आणि दोघींतून एकच राहील असं म्हणाले, तर जाणारी मी असेन. आता दुपारची वेळ आहे, दुकान रिकामं आहे, फोन वाजत नाहीये. अशा वेळी असं म्हणणं सोपं असतं, ते मला कळतं. त्या दिवशी मी घाबरलेली असेन. घाबरलेली असले तरी जाईन.